शिवणीतली माया

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



काही महिन्यांपूर्वी मी एका मोठ्या सुपरमार्केटातून शर्ट घेतला. घेतला म्हणण्यापेक्षा तेल, साखर आणि साबणाबरोबर तो घरी आला, असं म्हणायला हवं. खालच्या मजल्यावर किराणा भरून झाला आणि बायको म्हणाली, "वर कपडे आहेत, बघून तरी येऊ." निळा, बारीक रेघांचा शर्ट. किंमत ३४९ रुपये. पिठाच्या पिशवीवर तो ठेवला आणि बिल करून बाहेर पडलो. चार-पाच महिने बरा गेला. मग बगलेत आवळायला लागला. शर्ट आटला की मी वाढलो, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

तो शर्ट घेऊन मी चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे माझ्या अब्बांच्या हाताखाली शिकलेले टेलर. सत्तरी ओलांडली आहे, पण मशीन सुटलेली नाही. मी म्हटलं, "चाचा, बगल में जरा ढीला करो." त्यांनी शर्ट उलटा केला, शिवण दोन बोटांत धरली, चष्मा पुसून पुन्हा बघितली आणि शर्ट माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "क्या ढीला करूं बेटा? इसमें मायाच नई."

श्रोतेहो, ज्यांच्या घरात शिवणाची मशीन आहे त्यांना हा शब्द सांगायला नको. शिवणीच्या आत, टीप मारल्यावर उरणारं जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला मराठीत माया म्हणतात. माणूस जाड झाला, मूल वाढलं, थोरल्याचा कपडा धाकट्याला घालायचा झाला, की जुनी टीप उसवून त्या मायेतून कपडा मोठा करता येतो. शब्द मराठी आहे, पण आमच्या घरातल्या दखनीत तो कधीचा मुक्कामाला आला आहे. मी आयुष्यभर शब्दांच्या नादी लागलेला माणूस. तरी हा शब्द इतकी वर्षं कानावर पडूनही, तो कपड्यात असतो किंवा नसतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

अब्बा सोलापूरच्या चाटी गल्लीत, एका कापड दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसायचे. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. हा जुना शब्द बोलण्यातून गेला, आमच्या गावात तो गल्लीच्या नावात राहिला आहे. त्या काळी ही पद्धतच होती. आत शेठचं दुकान, बाहेर ओट्यावर टेलर. गिऱ्हाईक आत कापड घ्यायचं आणि बाहेर येऊन माप द्यायचं. अब्बा शेठला ओट्याचं भाडं देत नसत. त्याच्या बदल्यात शेठच्या घरचं शिवणकाम बिनपैशाचं व्हायचं. कागद नव्हता, करार नव्हता. वीस-बावीस वर्षं ते तसंच चाललं.

दुकानात पांढरीशुभ्र गादी असायची. चपला खाली काढून गिऱ्हाइकानं गादीवर बसायचं. समोर कापडाचे तागे. माणूस तागा असा फेकायचा की तो दोन पलट्या खात तुमच्या मांडीपर्यंत उलगडत यायचा. मग लोखंडी गजावर माप, कात्रीची एक चीर आणि टर्रकन फाडलेलं कापड. मीटर येऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण अम्मीच्या तोंडी वारच होता. पॉपलीन, मांजरपाट, टेरिकॉट, ब्लाउजसाठी टू बाय टू, ही नावं मी पाढ्यांच्या आधी शिकलो.

त्या दुकानात कापडाबरोबर माहितीही मिळायची, तिचे पैसे वेगळे लागत नसत. "हे आटेल हं, पाण्यातून काढून मगच शिवायला टाका." "या लाल रंगाचा भरवसा नाही, पांढऱ्यात भिजवू नका." "पन्हा मोठा आहे, तुम्हाला पाव मीटर कमी पुरेल." पाव मीटर कमी विकणारा दुकानदार मी माझ्या डोळ्यांनी बघितला आहे. आणि उधारी होती. आमचं गाव गिरण्यांचं. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिला लोक पुढे जुनी मिल म्हणू लागले. भोंग्यावर गावाचं घड्याळ लागायचं आणि पगारावर बाजाराचं. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. ज्यांचा पगार थांबला, त्यांच्या पोरींच्या लग्नाचं कापड अशाच दुकानांच्या वहीवर गेलं. काहींचे पैसे फिटले, काहींचे फिटलेच नाहीत. शेठनं ती पानं फाडली नाहीत आणि कुणाच्या दारात माणूसही धाडला नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, ओट्यावर बसून बघितलेलं सांगतो.

अब्बांची माया मात्र आम्ही अंगावर घालत होतो. शाळेची खाकी चड्डी ते अशी शिवायचे की खालची दुमड चांगली चार बोटं असायची. दर जूनमध्ये एक घडी उसवायची. मग चड्डीच्या तळाशी गडद खाकीचा एक पट्टा दिसायचा, कारण दुमडीच्या आतल्या कापडाला ऊन लागलेलं नसे. वर्गात आम्हा पोरांच्या चड्ड्यांवरचे पट्टे मोजून कोण किती वाढलं ते सांगता यायचं. माझा शर्ट धाकट्या भावाला जायचा, तिथून त्याची पिशवी व्हायची, शेवटी तो वाकळेत जायचा. आजही घरात एक वाकळ आहे. तिच्यात माझी पाचवी आहे, भावाची तिसरी आहे आणि अम्मीची एक हिरवी साडी आहे.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, हा माणूस आता म्हणणार की जुनं ते सोनं, मॉलला आग लावा. तसं मला म्हणता येत नाही. का, ते सांगतो.

१९८२ च्या आसपासची गोष्ट. ईद चार दिवसांवर आली होती. टेलरच्या घरातले कपडे सगळ्यात शेवटी शिवले जातात, चाँदरातीला. पण कापड तर आधी घ्यावं लागतं. अम्मी मला घेऊन एका दुकानात गेली. हे शेठचं दुकान नव्हतं, बाजारातलं दुसरं. अब्बा ज्यांच्या ओट्यावर बसतात त्यांच्याकडे सारखी उधारी नको, असं तिला वाटलं असावं. आम्ही गादीच्या कडेला बसलो. वरच्या फळीवर एक जांभळा तागा होता, जांभळाच्या फळासारखा गडद, त्यावर पांढरी बारीक बुट्टी. अम्मीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. बोट दाखवलं नाही, तोंड उघडलं नाही. तागा काढणाऱ्या माणसानं तिची नजर पकडली, मग तिच्या साडीकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, "ते महाग आहे, भाभी." आणि खालच्या फळीवरचं छापील कापड आमच्यासमोर टाकलं.

त्याच्या बोलण्यात तुसडेपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागावता आलं असतं. त्यानं उलट आमची सोयच बघितली होती. अम्मीनं पदर सारखा केला आणि छापील कापडाचा भाव विचारला. जांभळ्याचा भाव आम्हाला शेवटपर्यंत कळला नाही. तेवढ्यात आतून हिशेबनीसानं विचारलं, "मागचे बत्तीस राहिलेत ना तुमचे?" दुकानात आठ-दहा गिऱ्हाइकं होती. सगळ्यांना कळलं.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. जुन्या दुकानात तुमचा चेहरा ओळखतात, हे खरं आहे. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला ही ओळख गोड लागते. ज्याच्या खिशात नाहीत, त्याचाही चेहरा तितकाच नीट ओळखला जातो. कुठला तागा काढायचा आणि कुठला फळीवरच ठेवायचा, हे तो चेहरा बघून ठरतं. किंमत कापडावर लिहिलेली नसायची, ती माणसाकडे बघून सांगितली जायची. घासाघीस करता येणाऱ्याला एक भाव, न येणाऱ्याला दुसरा. आपल्याकडे याला आपुलकीचा व्यवहार म्हणतात, आणि तो आपुलकीचा असायचाही. पण कुणासाठी, हेही विचारायला पाहिजे.

आता सुपरमार्केटातलं एक दृश्य सांगतो. आमच्या शेजारी एक बाई राहतात, विड्या वळतात. आमच्या गावात हजारो बायका हे काम करतात. एका रविवारी त्या आमच्याबरोबर आल्या. बायको डाळी बघत होती, त्या वर कपड्यांकडे गेल्या. मी लांबून बघत होतो. मुलीसाठी कुर्ती बघत होत्या. एक उचलली, मागची चिठ्ठी बघितली, ठेवली. दुसरी उचलली. अंगाला लावून आरशात बघितली, ठेवली. ७९९ रुपयांची एक कुर्ती त्यांनी तीन वेळा उचलून तीन वेळा ठेवली. असा पाऊण तास गेला. एकाही माणसानं येऊन "किती पर्यंत दाखवू?" असं विचारलं नाही. शेवटी त्यांनी २४९ ची एक घेतली. बिलाच्या रांगेत पैसे मोजले, थोडे कमी पडले. त्यांनी सामानातला पावडरचा डबा बाजूला केला आणि म्हणाल्या, "हे राहू दे." काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता डबा मागे ठेवला आणि पुढचं सामान यंत्रावर धरलं.

त्या मुलीला या बाईंचं काही पडलेलं नव्हतं. हे मला आधी खटकलं. नंतर वाटलं, अम्मीला १९८२ साली एवढंच हवं होतं. कुणीतरी तिच्याकडे बघायला नको होतं.

आता ही स्वस्ताई येते कुठून, तेही थोडं बघू. कराचं कारण सांगतात, पण ते खरं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या आधी ही मर्यादा हजार रुपयांची होती. सुती कापडाच्या ताग्यावरही ५ टक्केच. फरक पडतो तो शिलाईत. माझ्या मापाच्या शर्टाला सव्वादोन मीटर कापड लागतं. साध्यातलं साधं सुती घेतलं तरी साडेतीनशेच्या खाली मिळत नाही, आणि आमच्या भागात शिलाई तीनशेच्या पुढे गेली आहे. म्हणजे साडेसहाशे. समोर टांगलेला शर्ट ३४९ चा. अब्बा माप घेण्यापासून काज-बटणापर्यंत सगळं एकट्यानं करायचे, दिवसाला चार शर्ट झाले तर खूप. कारखान्यात कापडाचे थरावर थर पसरून एकाच वेळी मशीननं कापतात. एक बाई दिवसभर कॉलर जोडते, दुसरी फक्त बाह्या लावते. ओव्हरलॉकची मशीन शिवता शिवताच कडेचं कापड कापत जाते. माया तिथंच कचऱ्यात पडते. एका शर्टातलं बोटभर कापड म्हणजे काहीच नाही, पण लाख शर्टांतलं म्हणजे कितीतरी तागे. कारखान्याच्या हिशोबात माया म्हणजे निव्वळ नुकसान.

दुसरा हिशोब दुकानाचा. भाजी-किराण्याबरोबर कपडे विकायची ही रीत परदेशातली. इंग्लंडात ॲस्डा या सुपरमार्केटनं १९९० साली 'जॉर्ज' या नावानं कपडे विकायला सुरुवात केली. आपल्याकडे २००१ साली बिग बझार आलं, २००२ साली मुंबईत पवईला डी-मार्टचं पहिलं दुकान निघालं. डी-मार्टची युक्ती साधी आहे. बहुतेक जागा स्वतःच्या, म्हणजे भाडं वाचलं. माल देणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करायचे, म्हणजे तो भाव कमी करतो. सजावट कमी, विकायला माणसं कमी. किराण्यात नफा थोडा असतो, पण किराणा माणसाला महिन्यातून दोनदा दारात आणतो. कपड्यात आणि भांड्याकुंड्यांत नफा जास्त. म्हणून तांदूळ घ्यायला गेलेला माणूस टी-शर्ट घेऊन येतो. माझं तेच झालं. आणि मोठं दुकान म्हणजे अमरपट्टा घेऊन आलेलं, असंही समजू नका. बिग बझार चालवणारी कंपनी २०२२ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. गल्लीतलं दुकान बुडालं तर एका घराची चूल विझते, हे बुडालं तेव्हा गावोगावच्या पोरांच्या नोकऱ्या गेल्या.

तिसरा हिशोब सांगताना जीभ जड होते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात, ढाक्याजवळच्या सावार इथं राना प्लाझा नावाची इमारत कोसळली. आत कपडे शिवण्याचे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, शिवणाऱ्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं. अकराशेहून जास्त माणसं मेली, त्यांत बहुतेक बायका होत्या. तिथं ज्यांचे कपडे शिवले जात, त्यांत कॅनडातल्या लोब्लॉ या किराणा सुपरमार्केट साखळीचा 'जो फ्रेश' हा ब्रँडही होता. म्हणजे तिकडेही कुणीतरी दूध-अंडी घ्यायला गेलं असेल आणि ट्रॉलीत एक स्वस्त शर्ट टाकून घरी आलं असेल. त्याचा काही गुन्हा नव्हता. माझाही नाही. पण ३४९ च्या आकड्यात कुणाचा किती हिस्सा आहे, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

आणि हे सांगताना अब्बांना सोडून चालणार नाही. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आणि दिवाळीच्या आठवड्यात ते रात्र रात्र मशीनवर असायचे. पाय सुजायचे. साठीच्या आत डोळे गेले. गिऱ्हाईक तेव्हाही शिलाईत आठ आणे कमी करून मागायचं. स्वस्त कपडा तेव्हाही कुणाच्या तरी डोळ्यांतून निघत होता. फरक एवढाच, तो माणूस ओट्यावर बसलेला दिसायचा. गिऱ्हाइकाला त्याच्या समोरून जावं लागायचं.

मग घ्यायचं कुठं? मी दोन्हीकडे घेतो आणि दोन्हीकडे डोळे उघडे ठेवतो. लहान मुलांचे रोजचे कपडे, घरात घालायचे कपडे सुपरमार्केटात घेतले तर बिघडत नाही. मूल सहा महिन्यांत वाढतं, त्याला महागाचा कपडा कशाला? पण घेताना कपडा उलटा करून बघा. शिवण हलकेच ताणा. टाके उघडे पडून उजेड दिसला तर तो ठेवून द्या. आतल्या चिठ्ठीवर सुती किती, पॉलिएस्टर किती ते वाचा. ती चिठ्ठी बहुतेक इंग्रजीत असते. तिथल्या मुलाला मी एकदा विचारलं, "हे धुतल्यावर आटेल का?" तो म्हणाला, "लेबलवर असेल काका." त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नाही. उन्हाळ्यात अंगावर दिवसभर राहणारा, चार वर्षं टिकायला हवा असा कपडा असेल, तर कापड घ्या आणि शिवून घ्या. पहिल्या दिवशी महाग पडतो, चौथ्या वर्षी स्वस्त ठरतो. पण पहिल्या दिवशी हातात साडेसहाशे असायला लागतात, आणि ते ज्याच्याकडे नाहीत त्याला कुणी टिकाऊपणाचे धडे देऊ नयेत.

शेठचं दुकान अजून आहे. आता नातू बसतो. गादी गेली, काचेचं काउंटर आलं. ओटा रस्तारुंदीत गेला. अर्ध्या दुकानात तयार कपडे टांगले आहेत, प्रत्येकावर किंमत लिहिली आहे. "आता लोकांना विचारायला आवडत नाही, भाई," तो मला म्हणाला. बरोबर बोलला. लोकांना विचारायला कधीच आवडत नव्हतं, दुसरा रस्ता नव्हता म्हणून ते विचारत होते. तो मात्र अजून सांगतो, हे आटेल, हे विटेल. आणि त्याच्या काउंटरखाली एक वही आहे. मी ती बघितली नाही, पण आहे हे मला ठाऊक आहे, कारण गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका मयताचं कापड त्याच वहीवर आलं. रात्री अकरा वाजता त्यानं दुकान उघडून दिलं. असं कापड कुणी ट्रॉली ढकलत आणत नाही.

अम्मी जायच्या आधी दोन वर्षं मी तिला सुपरमार्केटात घेऊन गेलो होतो. तिला चालवत नव्हतं, तरी कपड्यांच्या मजल्यावर आल्यावर तिनं माझा हात सोडला. रांगेतला एकेक कपडा बोटांत धरून बघत गेली. टेलरची बायको ती, कापड डोळ्यांनी बघतच नसे. एका ठिकाणी थांबली. जांभळ्या रंगाचा कुर्ता होता. बारीक बुट्टी नव्हती, पण रंग तोच. तिनं मागची चिठ्ठी उलटून बघितली. वाचता येत नव्हतं, पण आकडे कळत होते. ८९९. मी म्हटलं, "अम्मी, लेलो." तिनं शिवण उलटी करून बघितली, कुर्ता जिथला तिथं नीट टांगला आणि हसून म्हणाली, "नक्को रे. महंगा है."

तिला जे चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्यानं सांगितलं होतं, ते त्या दिवशी तिचं तिनं सांगितलं. घरी येईपर्यंत ती खुशीत होती. मला वाटतं, तिनं त्या दुकानातून जे घ्यायचं होतं ते घेतलं होतं.

आता माझ्या निळ्या शर्टाचं काय झालं, ते सांगून थांबतो. चाचांनी तो परत दिला खरा, पण मी ओटा उतरायच्या आत हाक मारून मागून घेतला. दोन दिवसांनी बघतो तर दोन्ही बगलांत एकेक चौबगला लावलेला. रंग जुळत नव्हता. माझा निळा फिका, हा गडद. मी विचारलं, "हा कपडा कुठला?" म्हणाले, "तेरे अब्बा के डिब्बे का." अब्बांनी जपलेल्या चिंध्यांचा डबा त्यांनी इतकी वर्षं सांभाळला होता. साठ रुपये घेतले, दहा परत दिले. ३४९ चा शर्ट आता ३९९ ला पडला.

तोच शर्ट घालून आज मी तुमच्याशी बोलतो आहे. रेडिओवर तो तुम्हाला दिसत नाही, हे एका अर्थी बरंच आहे. पण हात वर केला तरी आता कुठं आवळत नाही.